पाऊण किलो पेट्रोल, सव्वादोन किलो कार्बन डायऑक्साइड: रासायनिक समीकरण जुळवण्याचा हिशेब

हवामानबदलाच्या बातम्यांमध्ये एक आकडा वारंवार येतो: एक लिटर पेट्रोल जळलं की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. वाचणारा इथे अडखळतो. एक लिटर पेट्रोलचं वजन जेमतेम पाऊण किलो भरतं. पाऊण किलोतून सव्वादोन किलो निघेल कसं? आकडा फुगवलेला असणार, असं अनेकांना वाटतं, आणि ही शंका अगदी रास्त आहे. तिचं उत्तर शाळेत शिकवल्या जाणाऱ्या एका गोष्टीत आहे, जी बहुतेकांनी परीक्षेपुरती घोकली आणि मग सोडून दिली: रासायनिक समीकरण संतुलित करणं.

या विषयाची उगाच धास्ती घेतली जाते. त्याला लागतं ते फक्त मोजणं, गुणाकार आणि लसावि. घोळ होतो तो वेगळ्याच ठिकाणी. कुठला अंक बदलायची मुभा आहे आणि कुठल्या अंकाला हातही लावायचा नाही, हे मनात पक्कं झालेलं नसतं. ते एकदा पक्कं झालं की बाकीचं सरावाने येतं.

समीकरणात नेमकं लिहिलेलं काय असतं?

बाणाच्या डावीकडे आपण घेतलेले पदार्थ, म्हणजे अभिक्रियाकारक. उजवीकडे तयार झालेले पदार्थ, म्हणजे उत्पादिते. बाण सांगतो की डावीकडचं मोडलं आणि त्याच अणूंतून उजवीकडचं जुळून आलं.

'कमल' या शब्दातली अक्षरं नव्याने मांडली की 'कलम' होतो. अक्षरं तीच आणि तेवढीच. मांडणी बदलली आणि अर्थ पार वेगळा झाला. रासायनिक अभिक्रियेत अणूंचं हेच होतं. एकही अणू नाहीसा होत नाही, एकही नवा येत नाही, लोहाचा अणू तांब्याचा होत नाही. बदलतात त्या फक्त जोड्या. म्हणून बाणाच्या दोन्ही बाजूंना प्रत्येक मूलद्रव्याचे अणू मोजले तर संख्या सारखीच यायला हवी. ती आली की समीकरण संतुलित झालं.

फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ अँत्वान लाव्हाझिए यांनी १७८९ मध्ये आपल्या ग्रंथात हे तत्त्व स्पष्ट मांडलं: प्रक्रियेच्या आधी जेवढं द्रव्य, तेवढंच नंतर. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या बर्झेलियस यांनी मूलद्रव्यांसाठी अक्षरं आणि अणूंच्या संख्येसाठी अंक वापरायची पद्धत आणली. ते हा अंक अक्षराच्या डोक्यावर लिहीत. आज तो पायाशी लिहिला जातो.

इथे संज्ञा उच्चारानुसार लिहिल्या आहेत. एच म्हणजे हायड्रोजन, ओ ऑक्सिजन, सी कार्बन, एन नायट्रोजन, एस गंधक, पी फॉस्फरस. दोन अक्षरांच्या संज्ञा अशा: एफई लोह, एएल ॲल्युमिनिअम, सीए कॅल्शिअम, एनए सोडिअम, सीएल क्लोरिन, सीयू तांबं, एजी चांदी.

दोन अंक, आणि त्यातल्या एकाला हात लावायचा नाही

हायड्रोजन जळून पाणी होतं:

एच₂ + ओ₂ → एच₂ओ

डावीकडे हायड्रोजनचे २ अणू आणि ऑक्सिजनचे २. उजवीकडे हायड्रोजन २, ऑक्सिजन मात्र १. ऑक्सिजनचा एक अणू हिशेबातून गळाला आहे.

इथे पहिला मोह होतो तो पाण्याच्या सूत्रात ओच्या पायाशी २ लिहायचा. एच₂ + ओ₂ → एच₂ओ₂. दोन्हीकडे दोन-दोन, हिशेब जुळला! पण एच₂ओ₂ हे पाणी नाही, ते हायड्रोजन पेरॉक्साइड आहे: रंग उडवणारं, जंतू मारणारं द्रव्य. आकडे जुळले, पण पाण्याच्या जागी दुसराच पदार्थ आला.

सूत्राच्या पायाशी असलेला छोटा अंक पदार्थाची ओळख ठरवतो. एका रेणूत कोणते अणू किती, हे त्यात बांधलेलं असतं. तो बदलला की पदार्थच बदलतो, म्हणून त्याला हात लावायचा नाही. बदलायचा तो फक्त सूत्राच्या आधी येणारा मोठा अंक. त्याला सहगुणक म्हणतात. असे रेणू किती घेतले, एवढंच तो सांगतो.

ऑक्सिजन पुरा पडावा म्हणून पाण्याचे दोन रेणू घेऊ. उजवीकडे २एच₂ओ झाले. ऑक्सिजन २ झाला, पण हायड्रोजन ४ झाला. मग डावीकडे हायड्रोजनचेही दोन रेणू:

२एच₂ + ओ₂ → २एच₂ओ

ताळा करू. हायड्रोजन ४ आणि ४, ऑक्सिजन २ आणि २. ज्याच्या आधी अंक नाही तिथे १ समजायचा.

सूत्र चुकलं की पुढची मेहनत वाया

संतुलन जमत नाही अशी तक्रार असते तेव्हा कित्येकदा मुळात सूत्रच चुकलेलं असतं. पदार्थाचं सूत्र चुकीचं लिहून कितीही आकडेमोड केली, तरी एकतर समीकरण जुळत नाही किंवा जुळून भलतंच काही सांगतं. म्हणून आधी सगळी सूत्रं नीट लिहावीत, संयुजेवरून (म्हणजे मूलद्रव्याच्या जोडणी करण्याच्या क्षमतेवरून) पडताळावीत, आणि मग त्यांच्याभोवती मनातल्या मनात कुंपण घालून टाकावं.

सात मूलद्रव्यांबाबत विशेष जपावं लागतं. हायड्रोजन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरिन, क्लोरिन, ब्रोमिन आणि आयोडिन ही एकटी असतात तेव्हा त्यांचे अणू जोडीने राहतात: एच₂, एन₂, ओ₂, सीएल₂ असे. समीकरणात ऑक्सिजन वायू नुसता 'ओ' असा लिहिला, तर पुढचा प्रत्येक आकडा बिघडतो. संयुगात शिरल्यावर मात्र ही जोडी राहत नाही. मिठात क्लोरिनचा एकच अणू असतो.

जुळवायला कुठून लागायचं?

स्वयंपाकाच्या गॅसच्या टाकीत असणारा एक वायू घेऊ, ब्यूटेन. त्याचं सूत्र सी₄एच₁₀.

सी₄एच₁₀ + ओ₂ → सीओ₂ + एच₂ओ

सुरुवात ऑक्सिजनपासून केली तर आपण गोल गोल फिरत राहतो, कारण उजवीकडे ऑक्सिजन दोन पदार्थांत विखुरलेला आहे. एकाचा अंक बदलला की दुसरा बिघडतो. म्हणून नियम असा: जे मूलद्रव्य दोन्ही बाजूंना एकेकाच पदार्थात आहे, ते आधी. जे अनेक ठिकाणी आहे, ते नंतर. आणि जे एकटंच आहे, कुणाशी जोडलेलं नाही, ते अगदी शेवटी. त्याचा सहगुणक बदलल्याने दुसऱ्या कुठल्याही मूलद्रव्याचा हिशेब हलत नाही, म्हणून ते राखून ठेवायचं.

इथे कार्बन आधी. डावीकडे ४, उजवीकडे १, म्हणून ४सीओ₂. मग हायड्रोजन. डावीकडे १०, उजवीकडे पाण्याच्या एका रेणूत २, म्हणून ५एच₂ओ. आता उजवी बाजू ठरली, तिथला ऑक्सिजन मोजायचा: चार रेणूंतून ८ आणि पाच रेणूंतून ५, एकूण १३.

इथे बरेच जण अडतात. ऑक्सिजन जोडीने येतो आणि १३ ही विषम संख्या आहे. घाबरून मागे जाऊन आधीचे अंक खोडायची गरज नाही. सरळ १३/२ लिहावं:

सी₄एच₁₀ + १३/२ ओ₂ → ४सीओ₂ + ५एच₂ओ

आणि मग सगळं समीकरण दुपटीने गुणावं:

२सी₄एच₁₀ + १३ओ₂ → ८सीओ₂ + १०एच₂ओ

कार्बन ८ आणि ८, हायड्रोजन २० आणि २०, ऑक्सिजन २६ आणि १६ + १० = २६. गुणताना एकही पद सोडायचं नाही, नाहीतर नुकताच जुळलेला हिशेब मोडतो. अर्धा रेणू प्रत्यक्षात नसतो हे खरं, पण तो कागदावरचा मधला टप्पा आहे. बेरजेत हातचा धरतो तसा तो धरायचा आणि शेवटी उरू द्यायचा नाही.

लोखंडाला गंज चढतो ती अभिक्रिया लसाविची उत्तम जागा आहे. खऱ्या गंजात पाण्याचाही वाटा असतो. इथे फक्त लोहाचा ऑक्साइड धरू.

एफई + ओ₂ → एफई₂ओ₃

ऑक्सिजन डावीकडे दोनाच्या पटीत येणार, उजवीकडे तिनाच्या. २ आणि ३ यांचा लसावि ६. म्हणजे डावीकडे ३ओ₂, उजवीकडे २एफई₂ओ₃. आता उजवीकडे लोहाचे ४ अणू झाले, डावीकडे ४एफई लिहिलं की संपलं:

४एफई + ३ओ₂ → २एफई₂ओ₃

एकटं असलेलं लोह इथेही शेवटी आलं, हे लक्षात घ्या.

अणूंची गाठोडी सोडू नका

काही अणूंचे गट अभिक्रियेत सहसा एकत्रच फिरतात. सल्फेट (एसओ₄), नायट्रेट (एनओ₃), फॉस्फेट (पीओ₄), हायड्रॉक्साइड (ओएच) हे त्यातले नेहमीचे. दोन्ही बाजूंना गट जसाच्या तसा दिसत असेल तर त्यातले अणू सुटे मोजायचे नाहीत, गाठोडी मोजायची.

एएल(ओएच)₃ + एच₂एसओ₄ → एएल₂(एसओ₄)₃ + एच₂ओ

यात ऑक्सिजन चारही पदार्थांत आहे. तो सुटा मोजायला गेलात तर पान भरेल. त्याऐवजी ॲल्युमिनिअम पाहा: डावीकडे १, उजवीकडे २, म्हणून २एएल(ओएच)₃. सल्फेट पाहा: डावीकडे १, उजवीकडे ३, म्हणून ३एच₂एसओ₄. राहिलं पाणी. इथे एक युक्ती उपयोगी पडते. पाणी 'एच₂ओ' न वाचता 'एच-ओएच' असं वाचायचं: एक हायड्रोजन आम्लाकडून, एक ओएच आम्लारीकडून. दोन ॲल्युमिनिअम हायड्रॉक्साइडमधून ओएचची ६ गाठोडी येतात, तीन आम्लांतून ६ हायड्रोजन येतात. सहा जोड्या, म्हणजे पाण्याचे सहा रेणू:

२एएल(ओएच)₃ + ३एच₂एसओ₄ → एएल₂(एसओ₄)₃ + ६एच₂ओ

नेमकं कुठे चुकतं?

सगळ्यात जास्त चुका कंसाशी होतात. ३सीए(एनओ₃)₂ यात ऑक्सिजन किती? कंसातले ३, गुणिले कंसाबाहेरचे २, गुणिले पुढचे ३: एकूण १८. सहगुणक पूर्ण सूत्राला लागू होतो, आणि कंसाबाहेरचा पायाचा अंक कंसातल्या प्रत्येक अणूला. कॅल्शिअमला मात्र कंसाबाहेरचा २ लागत नाही, तो तीनच राहतो. कोणी ९ लिहितं, कोणी ६. हा गुणाकार तोंडी न करता कागदाच्या कडेला लिहावा.

दुसरी चूक म्हणजे अंक सूत्राच्या पोटात घुसवणं. सोडिअम आणि क्लोरिनपासून मीठ होतं तेव्हा एनए + सीएल₂ → एनएसीएल₂ असं लिहिणारे आढळतात. नेहमीच्या परिस्थितीत असा पदार्थच नसतो. बरोबर रूप २एनए + सीएल₂ → २एनएसीएल.

तिसरी चूक सूक्ष्म आहे. इथेनॉलच्या ज्वलनात कार्बन आणि हायड्रोजन जुळवून झाल्यावर उजवीकडे ऑक्सिजनचे ७ अणू येतात, मग डावीकडे ७/२ ओ₂ लिहिलं जातं. पण इथेनॉलच्या रेणूत स्वतःचा एक ऑक्सिजन आहेच. तो वजा केला की हवेतून ६ अणूच लागतात:

सी₂एच₅ओएच + ३ओ₂ → २सीओ₂ + ३एच₂ओ

इंधनात आधीच ऑक्सिजन असला की हवेतून कमी लागतो. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळल्यावर तेवढ्याच इंधनाला लागणाऱ्या हवेचं प्रमाण बदलतं, ते याचमुळे.

आणि शेवटी, ४एच₂ + २ओ₂ → ४एच₂ओ असं उत्तर आलं तर ते चूक नाही, पण अपुरं आहे. सगळे सहगुणक एकाच संख्येने भागले जात असतील तर भागून टाकावेत. पण भागायचे ते सगळेच. तिघांपैकी दोघंच भागले जात असतील तर थांबायचं.

नजरेने सुटत नाही तेव्हा

तांब्यावर सौम्य नायट्रिक आम्ल टाकलं की तांब्याचं नायट्रेट, नायट्रिक ऑक्साइड वायू आणि पाणी तयार होतं:

सीयू + एचएनओ₃ → सीयू(एनओ₃)₂ + एनओ + एच₂ओ

इथे गाठोड्याची युक्ती फसते. काही नायट्रेट गट जसेच्या तसे तांब्याकडे जातात, काही मात्र फुटून एनओ होतात. नायट्रोजन उजवीकडे दोन पदार्थांत, ऑक्सिजन तिन्ही पदार्थांत. अंदाजाने आकडे टाकत बसलं तर अर्धा तास सहज जातो. अशा वेळी बीजगणित हाताशी घ्यावं. पाच पदार्थांचे सहगुणक अनुक्रमे क, ख, ग, घ, च मानू आणि प्रत्येक मूलद्रव्यासाठी एक ओळ लिहू.

तांबं: क = ग
हायड्रोजन: ख = २च
नायट्रोजन: ख = २ग + घ
ऑक्सिजन: ३ख = ६ग + घ + च

अज्ञातं पाच, समीकरणं चार. त्यामुळे एकाची किंमत आपण धरायची. क = १ धरलं तर ग = १. नायट्रोजनच्या ओळीत ख ऐवजी २च लिहिलं की घ = २च − २. हे ऑक्सिजनच्या ओळीत घातलं की ६च = ६ + २च − २ + च, म्हणजे ३च = ४, म्हणजे च = ४/३. त्यावरून ख = ८/३ आणि घ = २/३. सगळ्यांना ३ ने गुणलं की:

३सीयू + ८एचएनओ₃ → ३सीयू(एनओ₃)₂ + २एनओ + ४एच₂ओ

ऑक्सिजनचा ताळा: डावीकडे २४; उजवीकडे १८ + २ + ४ = २४.

या आकड्यांत रसायनही दडलेलं आहे. आठ आम्लरेणूंपैकी फक्त दोन फुटले. त्यांनी तांब्याकडून इलेक्ट्रॉन घेतले. उरलेले सहा नायट्रेट तांब्याच्या तीन आयनांना, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावून विद्युत प्रभार आलेल्या अणूंना, साथ द्यायला गेले. एकच पदार्थ दोन कामं करतो आहे, म्हणून हे समीकरण नजरेला दाद देत नाही. असं दुहेरी काम दिसलं की सरळ बीजगणिताकडे वळावं.

अणू जुळले, तरी एक हिशेब राहतो

द्रावणातल्या अभिक्रिया आयनांच्या रूपात लिहितात. चांदीच्या क्षाराच्या द्रावणात तांब्याची तार बुडवली की तारेवर चांदी जमते आणि द्रावण निळसर होत जातं.

सीयू + एजी⁺ → सीयू²⁺ + एजी

अणू मोजले तर सगळं ठीक आहे. पण डावीकडे एकूण प्रभार +१, उजवीकडे +२. प्रभारही अणूंसारखाच आहे, तो शून्यातून येत नाही. तांब्याचा एक अणू दोन इलेक्ट्रॉन सोडतो, चांदीचा आयन एकच घेतो. म्हणून चांदीचे दोन आयन हवेत:

सीयू + २एजी⁺ → सीयू²⁺ + २एजी

आयन असतील तिथे अणूंच्या ताळ्यानंतर प्रभाराचा ताळा न चुकता करावा.

रेणूंची संख्या दोन्हीकडे वेगळी कशी चालते?

अमोनियाचं समीकरण पाहा: एन₂ + ३एच₂ → २एनएच₃. डावीकडे चार रेणू, उजवीकडे दोन. दोन रेणू कुठे गेले, असा प्रश्न हमखास येतो. रेणू टिकतात असा नियम नाहीच. टिकतात ते अणू. तीन-तीन अक्षरांचे चार शब्द मोडून सहा-सहा अक्षरांचे दोन शब्द करता येतात. अक्षरं मात्र बाराच राहतात. इथे अणू दोन्हीकडे आठ आहेत, आणि वजन २८ + ६ = ३४ दोन्हीकडे तेवढंच.

रेणू कमी झाल्याचा परिणाम मात्र मोठा आहे. सारख्या तापमानाला आणि दाबाला वायूंचं आकारमान रेणूंच्या संख्येवर ठरतं, म्हणून चार भाग वायूचे दोन भाग होतात. दाब वाढवला की अभिक्रिया कमी जागा घेणाऱ्या बाजूकडे झुकते. खतासाठी लागणारा अमोनिया प्रचंड दाबाखाली बनवतात, त्याचं एक कारण हे सहगुणक आहेत.

लाकूड जळून मूठभर राख उरते, मग वस्तुमान टिकलं कुठे?

जे हवेत गेलं ते तोललं नाही, म्हणून घट दिसते. लाकडातला कार्बन आणि हायड्रोजन वायू आणि वाफ होऊन निघून जातात. याच्या उलट लोखंडाचा बारीक कीस तराजूवर ठेवून जाळला तर वजन वाढतं, कारण हवेतला ऑक्सिजन येऊन चिकटतो. आधीच्या समीकरणात २२४ ग्रॅम लोह ९६ ग्रॅम ऑक्सिजन घेऊन ३२० ग्रॅम ऑक्साइड होतं. बंद भांड्यात, काहीही आत-बाहेर न जाऊ देता तोललं, तर वजन तेच राहतं.

वस्तुमानाचं ऊर्जेत रूपांतर होतं हे आइन्स्टाइन यांनी दाखवलं, त्याचं काय? ते रासायनिक अभिक्रियेलाही लागू आहे, पण किती? ४ ग्रॅम हायड्रोजन जळला तर सुमारे ५७२ किलोज्यूल उष्णता निघते. तिच्याशी जोडलेली वस्तुमानातली घट म्हणजे एका ग्रॅमचे पंधरा कोटी भाग करून त्यातला एक उचलावा एवढी. प्रयोगशाळेतल्या नेहमीच्या तराजूला तिचा पत्ताही लागत नाही.

समीकरण जुळलं, म्हणजे तसं घडतं का?

नाही, आणि हे ठासून सांगायला हवं. सीयू + एच₂एसओ₄ → सीयूएसओ₄ + एच₂ हे समीकरण अणूंच्या हिशेबाने निर्दोष आहे. पण सौम्य सल्फ्युरिक आम्लात तांबं टाकून हायड्रोजन निघत नाही. नायट्रिक आम्लाचंही तसंच: आम्ल संहत, म्हणजे कमी पाणी असलेलं, असेल तर एनओऐवजी मुख्यतः तपकिरी एनओ₂ निघतो आणि समीकरण वेगळं होतं. काय तयार होतं ते प्रयोग सांगतो. संतुलन फक्त किती ते सांगतं.

याहून चकित करणारी गोष्ट कोळशाच्या ज्वलनात आहे. हवा अपुरी असली की सीओ₂ बरोबर विषारी सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइडही होतो. दोन्ही एकाच समीकरणात घातले तर:

३सी + २ओ₂ → २सीओ + सीओ₂
५सी + ४ओ₂ → २सीओ + ३सीओ₂

मोजून पाहा, दोन्ही जुळतात, आणि एक दुसऱ्याची पट नाही. अशी कितीही रूपं लिहिता येतील. आपली चूक नसते; मुळात दोन स्वतंत्र अभिक्रिया एकाच ओळीत कोंबलेल्या असतात, आणि त्यांचं प्रमाण हवेच्या पुरवठ्यावर ठरतं. उत्तर एकच येत नसेल तर अभिक्रिया वेगवेगळ्या लिहाव्यात.

मोजणीतून किलोपर्यंत

आता पेट्रोल. ते अनेक संयुगांचं मिश्रण असतं. हिशेबासाठी त्यातलं एक, ऑक्टेन (सी₈एच₁₈), प्रतिनिधी म्हणून घेऊ. कार्बन ८, म्हणून ८सीओ₂. हायड्रोजन १८, म्हणून ९एच₂ओ. ऑक्सिजन १६ + ९ = २५, पुन्हा विषम, म्हणून सगळं दुप्पट:

२सी₈एच₁₈ + २५ओ₂ → १६सीओ₂ + १८एच₂ओ

हायड्रोजनचा अणू १ मानला तर कार्बनचा साधारण १२ आणि ऑक्सिजनचा १६ भरतो. त्या मापाने ऑक्टेनचे दोन रेणू २२८, ऑक्सिजन ८००, कार्बन डायऑक्साइड ७०४ आणि पाणी ३२४. दोन्ही बाजूंची बेरीज १०२८. म्हणजे २२८ किलो ऑक्टेन जळताना हवेतून ८०० किलो ऑक्सिजन घेतं आणि ७०४ किलो कार्बन डायऑक्साइड देतं. पाऊण किलोला हेच प्रमाण लावलं तर २.३ किलो येतात. वाढीव वजन टाकीतलं नव्हतंच, ते हवेतलं आहे. त्याच लिटरमागे एक किलोहून थोडं जास्त पाणीही वाफ होऊन बाहेर पडतं. गार हवेत नुकत्याच सुरू केलेल्या गाडीच्या धुराड्यातून थेंब गळतात ते हेच.

हीच रीत बातम्यांतल्या इतर आकड्यांना लावता येते. पाण्याचं विघटन करून हायड्रोजन मिळवायचा तर पहिलं समीकरण उलटं वाचायचं: ३६ किलो पाण्यातून ४ किलो हायड्रोजन, म्हणजे एका किलोला किमान ९ लिटर पाणी. यंत्रणेला प्रत्यक्षात लागणारं पाणी याहून जास्त असतं, कारण शुद्धीकरणात आणि थंड करण्यात ते खर्च होतं.

सिमेंटसाठी चुनखडी भाजतात: सीएसीओ₃ → सीएओ + सीओ₂. जुळवायला काहीच नाही, सगळे सहगुणक १. पण वजनं पाहा: १०० किलो चुनखडीतून ५६ किलो चुना आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड. भट्टी कोळशाऐवजी विजेवर चालवली आणि ती वीज अगदी सूर्यप्रकाशापासून मिळवली, तरी हे ४४ किलो निघणारच. ते इंधनातून येत नाहीत, दगडातून येतात.